स्वयंपाकघरातला प्लाझ्मा

साशंक : जुना मायक्रोवेव्ह ओव्हन घ्यायचा, त्यात अन्न सोडून भलतंच काही ठेवायचं, आत जाळ चमकला की त्याचं चित्रण करायचं आणि त्याला घरगुती प्लाझ्मा प्रयोग म्हणायचं. यातला प्रयोग कोणता, हे मला कळत नाही. प्रयोगाला आधी प्रश्न लागतो. काय बदललं, काय तसंच ठेवलं, काय मोजलं, हे सांगावं लागतं. इथे दोनच निकाल संभवतात : चमकलं किंवा नाही चमकलं. शिवाय हे यंत्र ज्या कामासाठी बांधलं, त्याच्या नेमकं उलट ते वापरलं जातं. आत पाणी असलेला पदार्थ असेल आणि तो लहरी शोषून घेईल, हे गृहीत धरून त्याची रचना झालेली आहे. पोटात चार हजार व्होल्टच्या आसपासचा दाब आहे. एवढी जोखीम पत्करून हाती काय येतं, तर डोळ्यांना सुखावणारी दोन सेकंदांची झळाळी. हा व्यवहार मला पटत नाही.

हौशी : ती दोन सेकंदांची झळाळी समजायला किती वर्षं लागली ते बघा. अर्धवट चिरलेलं द्राक्ष, दोन्ही फोडी सालीच्या बारीक पट्टीने जोडलेल्या, आणि मधोमध पेटणारा प्लाझ्मा, म्हणजे आयनित वायू. १९९० च्या दशकापासून लोक हे घरोघरी करून बघत आले. सगळे एकच कारण सांगत : फोडी ॲन्टेनासारख्या वागतात, सालीच्या पट्टीतून प्रवाह धावतो, पट्टी जळते आणि ठिणगी पडते. २०१९ मध्ये कॅनडातल्या ट्रेंट विद्यापीठाचे हमझा खट्टक आणि ॲरन स्लेपकोव्ह यांनी, कॉन्कॉर्डिया विद्यापीठाच्या पाब्लो बियानुचींबरोबर, हे कारण चुकीचं असल्याचं दाखवलं. सालीची पट्टी लागतच नाही. पाण्याने फुगलेले जेलचे दोन मणी एकमेकांना टेकवून ठेवले तरी तेच घडतं. ओव्हनमधल्या लहरीची लांबी हवेत सुमारे १२ सेंटिमीटर असते. पाण्याचा अपवर्तनांक या वारंवारतेला नऊच्या आसपास असतो, म्हणून पाण्यात तीच लांबी सव्वा ते दीड सेंटिमीटरच्या दरम्यान येते. द्राक्षाचा आकारही त्याच घरातला. त्यामुळे लहर द्राक्षात अडकते, अनुनाद होतो, आणि दोन द्राक्षं टेकली की त्यांच्या स्पर्शबिंदूवर विद्युतक्षेत्र एकवटतं. तिथलं सोडियम आणि पोटॅशियम आयनित होतं आणि प्लाझ्मा पेटतो. हे अव्वल दर्जाचं भौतिकशास्त्र आहे, आणि त्याची पहिली नोंद स्वयंपाकघरातल्या माणसांनी केलेली आहे.

साशंक : तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने बोलतंय. घरोघरचे लोक वीसेक वर्षं ते बघत राहिले आणि एकच चुकीचं कारण एकमेकांना सांगत राहिले. खरं कारण सापडलं ते उष्णतेचं चित्र घेणारे कॅमेरे, अतिवेगवान चित्रण आणि संगणकावरची क्षेत्रगणितं हाताशी आल्यावर. द्राक्षाऐवजी जेलचा मणी घेणं, हीच खरी प्रयोगाची चाल. सालीची पट्टी काढून टाकली तर काय होईल, हा प्रश्न घरी कुणीही विचारू शकलं असतं. त्याला महागडं काहीच लागत नव्हतं. तरी त्या प्रश्नाने कारण उलटून टाकल्याचं श्रेय विद्यापीठाकडे जातं. का? कारण प्लाझ्मा दिसला की घरचा प्रयोग संपतो. प्रयोगशाळेत तो तिथून सुरू होतो.

हौशी : तुम्ही प्रयोगशाळा आणि घर यांच्यामध्ये जी भिंत घालताय, ती प्रयोगशाळांनीच पाडलेली आहे. १९८६ मध्ये कॅनडात रिचर्ड गेडाय आणि अमेरिकेत रेमंड गिगेअर यांच्या गटांनी वेगवेगळं काम करून एकाच वर्षी दाखवलं की, सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या ज्या अभिक्रियांना तास लागतात, त्या मायक्रोवेव्हमध्ये मिनिटांत होतात. दोघांनी वापरले ते साधे घरगुती ओव्हन. त्यातून रसायनशास्त्राची एक अख्खी शाखा उभी राहिली. प्लाझ्माचंच हवं असेल तर २००३ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या गिन आणि स्टाइनबॉक यांनी ओव्हनमध्ये कमी दाबाचा प्लाझ्मा तयार करून बहुवारिकाचा पृष्ठभाग बदलला. त्या कामासाठी बाजारात मिळणारं संयंत्र फार महाग असतं. ज्या शाळेकडे, ज्या गावातल्या महाविद्यालयाकडे तेवढे पैसे नाहीत, त्यांच्यासाठी हा रस्ता आहे. सुरतेत आज प्रयोगशाळेतले हिरे घडतात. मायक्रोवेव्ह पद्धतीने घडणाऱ्या हिऱ्यांच्या संयंत्रांत हायड्रोजन आणि मिथेनचा जो प्लाझ्मा पेटवतात, तो बहुधा ओव्हनच्याच २.४५ गिगाहर्ट्झवर. त्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुणाला स्वतःच्या यंत्रात काय चाललंय हे कळावं, असं मला मनापासून वाटतं. त्याच्या घरच्या ओव्हनमध्ये तीच वारंवारता आहे.

साशंक : मग त्या रसायनशास्त्राचं पुढे काय झालं तेही सांगा. भांडी फुटली, स्फोट झाले. पण त्याहून मोठी अडचण वेगळी होती. एकाचा निकाल दुसऱ्याला मिळेना. आज ‘जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री’सारखं नियतकालिक घरगुती ओव्हनमध्ये केलेलं काम छापायला घेत नाही. हा उच्चभ्रूपणा नाही. जुन्या पद्धतीच्या ओव्हनला तुम्ही अर्धी शक्ती सांगता, तेव्हा तो पूर्ण शक्तीने चालतो आणि मध्येमध्ये बंद होतो. चालू असतानाही लहरी निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन सलग चालत नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला पन्नास झटके देतो. पोकळीत उभ्या लहरी असतात, म्हणून दर सहा सेंटिमीटरला तीव्र आणि मंद जागा बदलतात. तबकडी फिरते ती त्यासाठीच. वस्तू बोटभर सरकली तरी निकाल बदलतो. अशा यंत्रात घडलेल्या गोष्टीबद्दल ‘असं होतं’ म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे?

हौशी : मोजायचं ठरवलं तर घरीही मोजता येतं. एक लिटर पाणी दहा अंशांनी तापायला सुमारे ४२ किलोज्यूल लागतात. तेवढं तापायला ५२ सेकंद लागले तर पाण्याला ८०० वॅट मिळाले. ओव्हनची शक्ती ठरवण्याची मानक पद्धतही याच तत्त्वावर उभी आहे. प्लाझ्माचा प्रकाश घ्या. जुन्या सीडीवरच्या रेघांमधलं अंतर १.६ मायक्रॉन असतं, ती उत्तम विवर्तन जाळी होते. बंद दाराच्या काचेतून, दूर बसून, द्राक्षाच्या प्लाझ्मात सोडियमची ५८९ नॅनोमीटरची पिवळी रेघ शोधता येते. पोटॅशियमची रेघ ७६६ च्या आसपास आहे, नजरेच्या अगदी काठावर, पण साधा कॅमेरा ती बऱ्याचदा टिपतो. एखाद्या मुलीने ती रेघ ओळखली तर मेघनाद साहांनी १९२० मध्ये मांडलेल्या आयनीकरणाच्या समीकरणाच्या दारात ती पोहोचली. ताऱ्यांच्या वर्णपटातून त्यांचं तापमान वाचण्याची किल्ली ते समीकरण आहे. पाठ्यपुस्तकात ते आलं तर परीक्षेपुरतं वाचलं जातं. इथे ते तिच्या समोर जळत असतं.

साशंक : वर्णपटाचं मला पटलं. दार बंद, अंतर राखलेलं, पाहायचं काय ते आधी ठरलेलं. याला मी प्रयोग म्हणेन. फळाच्या दोन फोडी ठेवून ओव्हनचं छत काळवंडलं, आतला अभ्रकाचा पत्रा जळला, तर नुकसान ओव्हनचं. तो ओव्हन पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही, एवढी अट मी घालेन. ट्यूबलाइट आणि सीएफएलला मात्र हात लावायचा नाही, त्यांच्यात पारा असतो. पण तुमच्या ८०० वॅटमध्ये एक खोट आहे. ते ८०० वॅट पाण्याला मिळाले, प्लाझ्माला नव्हे. पाणी लहरी निमूटपणे शोषून घेतं. प्लाझ्मा तसा वागत नाही. त्यातल्या इलेक्ट्रॉनांची घनता घनसेंटिमीटरला सुमारे साडेसात हजार कोटींच्या वर गेली की २.४५ गिगाहर्ट्झची लहर त्यात खोलवर शिरू शकत नाही, बरीचशी परत फिरते. म्हणजे प्लाझ्मा जसजसा दाट होतो तसतशी त्याला मिळणारी शक्ती बदलते, आणि ती किती बदलली हे पाण्याच्या भांड्याला विचारून कळत नाही. परत फिरलेली लहर भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखी मॅग्नेट्रॉनकडे येते आणि त्यालाच तापवते. प्रयोगशाळेत याची सोय असते. परतणाऱ्या लहरीला बाजूला वळवणारा भाग असतो, तिला जिरवणारा भार असतो, जाणारी किती आणि परतणारी किती हे सतत मोजलं जातं. तुमच्या डब्यात यातलं काहीही नाही.

हौशी : तुम्ही आता माझ्याच मुद्द्यावर आलात. ओव्हनमध्ये बदल करायला हवा असं मी म्हणतो, ते याचसाठी. बंद डबा शोभा दाखवतो, आकडे लपवतो. किती शक्ती गेली, किती परतली, कोणत्या दाबाला प्लाझ्मा सहज पेटतो, वायू बदलला तर काय होतं, हे विचारायचं तर डब्याला भोक पाडावं लागतं, नळी आत न्यावी लागते, मॅग्नेट्रॉनपुढे लहरवाहक जोडावा लागतो. तुम्ही मोजमाप मागता आणि मोजमापाचा रस्ता ओव्हनच्या झाकणाच्या स्क्रूंमधून जातो. स्क्रूला हात लावू नका म्हणायचं आणि मग हे विज्ञान नाही असंही म्हणायचं, या दोन्ही गोष्टी एका श्वासात कशा चालतील?

साशंक : आक्षेप रास्त आहे. त्याला बगल देणार नाही. पण त्या स्क्रूंच्या मागे काय आहे, ते आधी स्पष्ट बोलू. दारामागे सूक्ष्म स्विचांची साखळी असते. त्यातला एक स्विच असा बसवलेला असतो की, बाकीचे निकामी होऊन दार उघडं असताना यंत्र सुरू झालं तर तो मुद्दाम लघुमंडल करून फ्यूज उडवतो. दाराच्या कडेला लहरीच्या पाव लांबीच्या हिशेबाने ठेवलेली खाच असते, तिच्यामुळे फटीतून लहर बाहेर पडत नाही. ५ सेंटिमीटरवर चौरस सेंटिमीटरमागे ५ मिलिवॉटपेक्षा जास्त गळती होऊ नये, अशी मर्यादा आहे. आत शेकडो वॅट फिरत असतात आणि बाहेर एवढीच मुभा. तुम्ही पाडलेलं एक भोक आणि त्यातून नेलेली एक तार ही सगळी योजना मोडू शकते. तार असेल तर ती ॲन्टेना होते. डोळ्यातल्या भिंगाला रक्तपुरवठा नाही, त्यामुळे तिथली उष्णता वाहून नेणारं काही नसतं. इजा होताना ती कळेलच असंही नाही.

आणि हा भाग सौम्य म्हणावा असा आहे. ट्रान्सफॉर्मर त्याहून भयानक. दोन हजार व्होल्ट, आणि प्रवाह जीव घ्यायला लागतो त्याच्या कितीतरी पट. प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेला राहू शकतो. लोकांना वाटतं, घरात ईएलसीबी आहे, तो वाचवेल. वाचवणार नाही. ईएलसीबी जाणारा आणि परतणारा प्रवाह यांतला फरक ओळखतो. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या गुंडाळीतून शरीरात शिरलेला प्रवाह त्याच गुंडाळीकडे परततो. घराच्या वायरिंगच्या बाजूने हिशेब बरोबर जुळतो आणि ईएलसीबी गप्प राहतो. लाकडावर विजेची नक्षी जाळण्याचा छंद अमेरिकेत पसरला तो याच भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरवर. १७७७ मध्ये गटिंगेनमध्ये लिख्टेनबर्गने धुळीत पाहिलेल्या आकृत्यांचं नाव त्या नक्षीला दिलेलं आहे. त्यात तीसहून अधिक माणसं दगावल्याची नोंद आहे. तिथल्या लाकूडकातकाम करणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या कार्यक्रमांतून तो प्रकार बंद केला. ती माणसं मूर्ख नव्हती. त्यांत वर्षानुवर्षं हत्यारं हाताळलेले कारागीर होते.

हौशी : यातल्या एकाही शब्दाशी माझा वाद नाही. ट्रान्सफॉर्मर बाहेर काढून त्यावर खेळणाऱ्याला मी स्वतः थांबवेन. पण जोखीम कळण्याचा हक्क कुणाला, हा प्रश्न उरतोच. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा. ओव्हन दुरुस्त करणारा माणूस दिवसभर हेच झाकण उघडतो. त्याच्याकडे पदवी नसेल, पण कपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री केल्याशिवाय तो आत हात घालत नाही. गुरूच्या हाताखाली शिकलेला असतो. म्हणजे हे ज्ञान देता येतं, घेता येतं. मग कुतूहल असलेल्या मुलाला ते नाकारायचं आणि पोटासाठी काम करणाऱ्याला चालवून घ्यायचं, यामागचा न्याय कोणता?

साशंक : दुरुस्ती करणारा यंत्र मूळ स्थितीला आणतो. झाकण उघडताना यंत्र बंद असतं, चालवताना झाकण लावलेलं असतं. जो आपली शिस्त पाळतो, त्याचं सगळं कौशल्य या दोन अवस्था वेगळ्या ठेवण्यात आहे. प्रयोग करणाऱ्याला नेमक्या त्या दोन अवस्था एकत्र हव्या असतात. बदललेलं यंत्र, त्यातून येणारी नळी, आणि ते चालू. दुरुस्तीवाल्याच्या अनुभवात अशा वेळेसाठी उत्तर नाही, कारण ती वेळच येऊ न देणं हे त्याचं काम आहे. त्याच्याकडून सुरक्षितपणे उघडायला शिकता येईल. उघड्यावर सुरक्षितपणे चालवायला शिकता येणार नाही.

हौशी : हा फरक मी केला नव्हता, आणि तो महत्त्वाचा आहे. तरी इतिहास मला गप्प बसू देत नाही. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र कापित्सांना १९४६ मध्ये त्यांच्या संस्थेतून दूर केलं. मॉस्कोजवळ निकोलिना गोरा इथल्या आपल्या घराच्या आवारात त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि तिथे शक्तिशाली मायक्रोवेव्ह जनित्रांवर काम केलं. एका जनित्राचं नावच त्या गावावरून निगोट्रॉन पडलं. १९५० च्या सुमारास हेलियम भरलेल्या क्वार्ट्झच्या गोळ्यावर त्यांनी ती लहर सोडली आणि आत ठळक कडा असलेला प्लाझ्मा उजळला. १९७८ मध्ये नोबेल मिळालं ते अतिशीत तापमानावरच्या कामासाठी, पण व्याख्यान त्यांनी प्लाझ्मावर दिलं. संस्थेची दारं बंद झालेल्या माणसाने घरी बसून केलेल्या कामाची आठवण त्या व्यासपीठावरून सांगितली गेली.

साशंक : त्याच व्याख्यानात आहे की, ते दृश्य काही सेकंदच टिकलं, कारण क्वार्ट्झचा गोळा एका जागी वितळला. आणि कापित्सा म्हणजे केंब्रिजला रदरफर्डच्या हाताखाली तयार झालेला माणूस. तिथे त्यांनी यंत्रांच्या मर्यादेपलीकडची चुंबकीय क्षेत्रं निर्माण केली होती. वितळलेल्या गोळ्याकडे बघून काय झालं हे त्यांना वाचता येत होतं. त्यांनाही ज्या अणुसंमीलनाची आशा होती, तिथवर तो मार्ग गेला नाही. घरात केलं म्हणून ते काम घरगुती ठरत नाही. संस्था त्यांच्या डोक्यात होती.

हौशी : मग ती संस्था इतरांच्या डोक्यात कशी पोहोचणार? पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात याच वारंवारतेवर प्लाझ्मा पेटवण्याचं काम वर्षानुवर्षं झालेलं आहे. ८७५ गॉसचं चुंबकीय क्षेत्र दिलं की इलेक्ट्रॉन २.४५ गिगाहर्ट्झच्या तालावर फिरू लागतात आणि अगदी कमी दाबालाही प्लाझ्मा टिकतो. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून आदित्य हा टोकामॅक, म्हणजे प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडणारं संयंत्र आहे. पण सातारा जिल्ह्यातल्या बारावीच्या मुलाने तिथे कोणत्या दाराने शिरायचं? तो एखादा दिवस पाहुणा म्हणून जाईल आणि काचेपलीकडून बघेल. हात लावायला मिळेल असं यंत्र त्याच्या आवाक्यात एकच आहे, आणि ते भंगारात पडलेलं आहे. हवेतल्या प्लाझ्मावर काचेचं भांडं पालथं असेल तर आत तपकिरी वायू साठतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. १९०३ मध्ये नॉर्वेत बिर्केलँड आणि आयडे यांनी विजेच्या ज्योतीतून हवेतला नायट्रोजन पकडून खत करायला घेतलं, त्याची सुरुवात याच वायूंपासून होते. शेतकऱ्याच्या मुलाला नायट्रेट खताच्या गोणीमागचं रसायन एका भांड्यात दिसतं. हे मी त्याच्याकडून कसं काढून घेऊ?

साशंक : तो तपकिरी वायू विषारी आहे, हे त्याला कोण सांगणार? काही तासांनी, कधी रात्री फुप्फुसात पाणी भरेपर्यंत फारसं काही जाणवत नाही. आणि त्या घरात तो एकटा नसतो. धाकटी बहीण असते, आजी असते, कदाचित छातीत पेसमेकर बसवलेले आजोबा असतात. जोखमीचा हक्क म्हणता तो स्वतःच्या जिवापुरता. स्वयंपाकघर सगळ्यांचं असतं, आणि तिथे वावरणाऱ्या बाकीच्यांना कुणी विचारलेलं नसतं. तुमच्या उत्साहाला माझा विरोध नाही, त्या जागेला आहे.

हौशी : जागा बदलू. घर नको. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे. गावातली मुलं तिथे यंत्रं खोलतात, जोडतात, बिघडवतात. तशी जागा तालुक्याला एक असू द्या. अर्थिंग केलेला पिंजरा, गळती मोजणारं यंत्र, वायू बाहेर खेचणारा पंखा, आणि शेजारी उभा असलेला एक जाणता माणूस. मग तर स्क्रूंना हात लावू द्याल?

साशंक : तिथे माझा विरोध बराच मावळतो. पण त्या जाणत्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सही त्याची असणार. अपघात झाला तर चौकशी त्याची होणार. दोन-तीन वर्षांत तो काय करेल ते मी सांगतो : दहा प्रयोगांची यादी भिंतीवर लावेल आणि त्याबाहेर कुणाला जाऊ देणार नाही. मी त्याला दोष देणार नाही. त्याच्या जागी मीही तेच करेन.

हौशी : मग द्राक्ष त्या यादीत कधीच आलं नसतं. जेलचा मणी तर नाहीच. यादीतलं करायचं तर मुलं प्रात्यक्षिक शिकतील, आणि ज्याची तक्रार तुम्ही सुरुवातीला केलीत तेच पुन्हा होईल : चमकलं की संपलं. फक्त आता ते सुरक्षितपणे संपेल. मला यादीबाहेरच्या प्रश्नासाठी जागा हवी आहे. तुम्ही तिथे असता, एखाद्या मुलीने बदललेल्या ओव्हनचा आराखडा तुमच्यापुढे ठेवला असता, तर कशावर सही केली असती?

साशंक : दोन गोष्टी लिहून मागितल्या असत्या. काय मोजणार, आणि कोणत्या आकड्याला यंत्र बंद करणार.

हौशी : पहिलीचं उत्तर ती देईल. दुसरीचं उत्तर शोधायलाच ती आलेली असेल. प्लाझ्मा कोणत्या शक्तीला काच वितळवतो, परतणारी लहर कधी हाताबाहेर जाते, हे तिला आधी ठाऊक असतं तर आराखडा कशाला आणला असता?

साशंक : गळतीचा आकडा तिला शोधायचा नाही. तो ठरलेला आहे, त्यावर मी तसूभर हलणार नाही. व्होल्टचाही ठरलेला आहे. प्लाझ्माबद्दल तुम्ही म्हणता ते खरं असू शकतं, तिथे थांबायचा आकडा चालवल्याशिवाय कळत नाही. अडचण अशी की, दोन्ही एकाच डब्यात आहेत, आणि दुसरा शोधताना पहिला मोडला तर ते कळायला वेळ मिळेलच असं नाही. कागदावर मी तिला काय लिहायला सांगावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.